‘विरोधाभास’ की ‘विसंगती’?

प्रश्न
आम्ही इंदूरचे, रामबागेतले. भाची दहावीला, हिंदी माध्यमात. सकाळी √2 अपरिमेय असल्याची सिद्धता घोकत होती. √2 = p/q मानायचं, p आणि q ‘सहअभाज्य’, म्हणजे 1 सोडून समान विभाजक नसलेल्या पूर्ण संख्या. मग p² = 2q², म्हणून p सम. p = 2k घातलं की q² = 2k², म्हणजे q पण सम. दोघांनाही 2 ने भाग गेला, ‘यह विरोधाभास है’, आणि सुटली! पोह्यांवर शेव भुरभुरत बाबा म्हणाले, “विरोधाभास तर अलंकार असतो.” मराठीत इथे काय म्हणायचं?

उत्तर
बाबांचं बरोबर आहे, ताई. अलंकारात विरोध नुसता भासतो. ‘सगळं देऊन तो श्रीमंत झाला’ यातला विरोध जरा विचार केला की मिटतो. इथला काही केल्या मिटत नाही, म्हणून तर गृहीतच सोडावं लागतं. ‘विसंगती’ म्हणा. पद्धत ती अप्रत्यक्ष सिद्धता, आणि सहअभाज्य म्हणजे आपल्या सहमूळ संख्या.

पुन्हा प्रश्न
आणि ‘p² सम म्हणून p सम’? तिथे ती म्हणते, उलटं करून बघायचं.

उत्तर
‘उलटं’नेच घोटाळा होतो. नुसतं उलटवलं तर तो व्यत्यास, तुमच्याकडचा ‘विलोम’. धूर तिथे अग्नी, हे खरं. अग्नी तिथे धूर? तापलेला लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांचं, हे ठरलेलं उदाहरण. ‘अग्नी नाही तिथे धूर नाही’ हा मात्र व्यतिरेक, आणि तो पहिल्या विधानाइतकाच पक्का. त्याला दाखला तळ्याचा: तिथे अग्नी नाही, धूरही नाही. भाची तेच करते: p विषम असेल तर p² = (2k+1)² = 4k²+4k+1, विषमच. मला तरी ‘व्यतिरेक’ हा शब्द हिंदी पुस्तकांतल्या ‘प्रतिधनात्मक’पेक्षा सरस वाटतो.

आणखी एक वाचक
अप्रत्यक्ष सिद्धतेला ‘अर्थापत्ती’ चालेल का?

उत्तर
नको, दादा. मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांचा, देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, तेव्हा रात्री जेवत असणार, ही अर्थापत्ती. तिथे न जुळणाऱ्या दोन्ही गोष्टी खऱ्याच असतात, आणि त्या जुळवायला तिसरी मानावी लागते. आपल्याकडे एक मानलेली गोष्ट खोटी ठरते.

ताई
इंदूरचा देवदत्त असेल तर तिसरी गोष्ट शोधायला नको. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भेटेल.