मदत हवी आहे: आत्याला मुंबई दाखवायचीय, गुडघे दुखतात, घारापुरी जमेल का?

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी आत्या हिंगोलीहून येतेय, वय ७२, मुंबईत पहिल्यांदाच. दहावीला मी तिच्याकडे राहून शिकलो, पहाटे चारला माझ्याआधी उठून चहा ठेवायची, त्यामुळे तिला चार दिवस घरात बसवून परत पाठवायचं नाहीये. मी भांडुपला राहतो, पंधरा वर्षं झाली पण ऑफिस आणि घर यापलीकडे नीट फिरणं झालंच नाही, म्हणून ज्यांनी आपल्या घरची वयस्कर माणसं फिरवलीत त्यांनी प्लीज सांगा.

तिला दोनच गोष्टी हव्यात, समुद्र जवळून बघायचा आणि महादेवाचं दर्शन घ्यायचं. औंढ्या नागनाथाला वर्षानुवर्षं जाणारी बाई आहे. फोनवर मी घारापुरीच्या लेण्यातल्या त्या वीसेक फुटी तीन मुखांच्या शिवाबद्दल बोललो, आत पिंड आहे, चारही बाजूंनी दारं आणि दारादारात मोठे द्वारपाल आहेत हे सांगितलं, तेव्हापासून रोज विचारते, "तिथं नेशील ना रं?"

अडचण गुडघ्यांची. सपाटीला अर्धा तास आरामात चालते, पण जिना उतरताना आडवी होऊन, कठड्याला घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. घारापुरीला जेट्टीवरून छोटी ट्रेन आहे पण तिच्यापुढे शंभरावर पायऱ्या आहेत. तिथे डोलीवाले असतात ते सकाळी लवकर मिळतात का, आणि भाव आधीच ठरवायचा का? मला त्याहून जास्त धास्ती गेटवेची आहे, ओल्या दगडी पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकायचा, कधीकधी एका बोटीतून दुसरीत जावं लागतं. भरतीच्या वेळेला गेलं तर पायऱ्या कमी उतराव्या लागतील का? सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवार धरलाय.

नाहीच जमलं तर बाबुलनाथ डोक्यात आहे, तिथे वर जायला लिफ्ट आहे, आणि दर्शन करून गिरगाव चौपाटी जवळच. ऊन उतरल्यावर तिला वाळूत बसवायचं, पाण्यात पाय बुडवू द्यायचे, घाई करायची नाही. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं कारण कट्ट्यावरून समुद्र दिसतो पण पायाला लागत नाही. चौपाटीजवळ स्वच्छ टॉयलेट कुठे आहे ते कुणी सांगेल का, बायकांसाठी हा प्रश्न मोठा असतो.

आणखी एक विचार आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटावर जाता आलं नाही तर निदान तो तरी दाखवीन. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद म्हणून तो दिवस घरी आराम. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हेही तिला बघायचंय पण ते लांबूनच.

मुंबई दर्शनच्या बसचा सल्ला कृपया नको. मागच्या वर्षी सासऱ्यांना एका बसमध्ये बसवून दिलं होतं, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, एक ठिकाण तर बंदच निघालं आणि ते संध्याकाळी पाय सुजवून घरी आले, मला फार वाईट वाटलं होतं.

जायला लोकलच बरी ना? रविवारी मेगाब्लॉकची भानगड म्हणून मधल्या वारी, अकरानंतरची स्लो पकडून थेट सीएसएमटी, म्हणजे १८८७ पासूनची ती इमारतही बाहेरून बघून होईल. फक्त समोरच्या सबवेच्या पायऱ्या टाळायच्यात, तर टॅक्सी कुठल्या बाजूला उभी असते?

सगळ्यात आधी बोटीत चढण्याचं सांगा, तेवढं कळलं की आत्याला आज रात्री फोनवर हो किंवा नाही सांगता येईल.