लॅम्डाच्या स्ट्रीमिंगचे टाइप: सामायिक पॅकेजात की आपापल्या फाइलीत?

आर्वीकर (धागाकर्ता)

आमचं दोघांचं काम आर्वीतून चालते. शेतकऱ्यानं कपाशीवरच्या रोगाबद्दल विचारलं की भाषा-मॉडेलचं उत्तर जसं तयार होईल तसं त्याच्या फोनवर मराठीत उमटत जाते. शिवारात नेटवर्क जेमतेम. पूर्ण उत्तर होईस्तोवर स्क्रीन कोरी राहिली तर माणूस ॲप बंद करून मोकळा होते. म्हणून एडब्ल्यूएस लॅम्डाचं (ॲमेझॉनच्या क्लाउडवर आपलं फंक्शन चालवणारी सेवा) रिस्पॉन्स स्ट्रीमिंग, म्हणजे उत्तर तुकड्या-तुकड्यांनी पाठवणं, आमच्यासाठी फार मोलाचं आहे.

ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, पण टाइप (कोणत्या फंक्शनला काय द्यायचं हे टाइपस्क्रिप्टला सांगणारी वर्णनं) सोबत आले नाहीत. स्ट्रीमिफाय-रिस्पॉन्स हे फंक्शन कुठून इम्पोर्ट करायचं नसते. नोडच्या रनटाइममध्ये ‘एडब्ल्यूएसलॅम्डा’ या ग्लोबलवर (सगळ्या कोडला दिसणाऱ्या नावावर) ते आयतंच असते. टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला (कोड चालवायच्या आधी तपासणाऱ्याला) आपणहून त्याचा पत्ता नसतो. मग जो तो आपल्या प्रकल्पात दोन ओळींचं डिक्लेअर (‘हे नाव आहे’ असं कंपायलरला सांगणं) टाकतो आणि सगळीकडे ‘एनी’ (काहीही चालेल) लिहून पुढं जातो.

नेहमीच्या हँडलरला (विनंती आली की लॅम्डा जे फंक्शन चालवते त्याला) आधी इव्हेंट (विनंतीची माहिती), मग कॉन्टेक्स्ट (उरलेला वेळ वगैरे सांगणारा) मिळतो. स्ट्रीमिंगच्या हँडलरला दुसऱ्या जागी स्ट्रीम येतो आणि कॉन्टेक्स्ट जातो तिसऱ्या जागी. हात सवयीनं दुसऱ्यालाच कॉन्टेक्स्ट म्हणतो आणि त्याला उरलेला वेळ विचारतो. ‘एनी’ असल्यावर कंपायलर हूं की चूं करत नाही, अन् क्लाउडवर गेल्यावर ‘हे फंक्शन नाही’ म्हणून सगळं कोसळते. हे पकडायलाच टाइप असतात ना? माझं मत पक्कं आहे: हे टाइप डेफिनिटलीटाइप्डच्या (टाइपांचा सगळ्यांसाठी खुला साठा) सामायिक लॅम्डा पॅकेजातच असावेत, ग्लोबलसकट.

दिग्रसकर

भाऊ, ‘ग्लोबलसकट’ला माझा ठाम विरोध आहे.

पॅकेजात ग्लोबल डिक्लेअर केला की तो फक्त तुमच्या लॅम्डाच्या फाइलीपुरता राहत नाही. टाइपस्क्रिप्ट ५ पर्यंतच्या आवृत्त्यांत कॉन्फिगमधलं ‘टाइप्स’ हे सेटिंग लिहिलंच नाही तर ॲट-टाइप्सखालची (टाइपांची पॅकेजेस बसतात त्या फोल्डरमधली) सगळी पॅकेजेस आपोआप कंपायलरच्या पोटात जातात. गावाकडच्या छोट्या प्रकल्पात फ्रंटएंड आणि बॅकएंडला बहुतेक वेळा एकच कॉन्फिग असते. म्हणजे ब्राउझरच्या कोडमध्येही तो ग्लोबल ‘आहे’ असं दिसणार, आणि तिथं तर तो नाहीच.

लॅपटॉपवर जेस्ट (चाचण्यांचं साधन) चालवलं तरी तेच. टाइप म्हणते आहे, रनटाइम म्हणते नाही, आणि रेफरन्स एरर येते. जी गोष्ट फक्त एका कंपनीच्या रनटाइममध्ये उगवते, तिची ग्वाही सगळ्या जगाच्या कोडला काहून द्यायची? ज्याला पाहिजे त्यानं आपल्या प्रकल्पात फाइल ठेवावी. दहा-पंधरा ओळींचं तर काम आहे.

हिंगणघाटची

दिग्रसकर दादांशी अर्धी सहमत. माझी चिंता वेगळी आहे: टाइप लागले की लोक निर्धास्त होतात. फंक्शन यूआरएलचा (फंक्शनच्या वेब-पत्त्याचा) इन्व्होक मोड मुळात ‘बफर्ड’ असतो. तो ‘रिस्पॉन्स स्ट्रीम’ केला नाही, तर कोड कितीही शुद्ध लिहा, उत्तर साठून एकदमच येते. ते सेटिंग टेम्प्लेटमध्ये (क्लाउडवरची मांडणी लिहिलेल्या फाइलीत) असते, कंपायलरला ते दिसत नाही. स्टेटस कोडचंही तसंच. हेडर एकदा गेले की मध्येच मॉडेल अडकलं तरी २००चं (सगळं ठीक) ५०० (सर्व्हरची चूक) करता येत नाही. नवख्या पोरांना या गोष्टी आधी शिकवा, टाइपचं मागून पाहू.

आर्वीकर

ताई, शिकवायलाच तर टाइप पाहिजेत. आमच्या इथली पोरं इंग्रजी डॉक्युमेंट उघडून वाचत बसत नाहीत. एडिटरमध्ये टिंब दिल्यावर जे समोर येते त्यातून शिकतात. स्टेटस कोड आणि हेडर कुठं द्यायचे? एचटीटीपी-रिस्पॉन्स-स्ट्रीमच्या ‘फ्रॉम’ला मेटाडेटा म्हणून, आणि तेही पहिला शब्द लिहायच्या आधी. कारण आतमध्ये आधी तो मेटाडेटा जेसन म्हणून जातो, मग आठ शून्य बाइट, आणि त्यानंतर तुमचा मजकूर. हे त्या टाइपच्या वरच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं तर ज्याला कोणी शिकवणारा नाही त्याच्यापर्यंतही पोचते. दहा-पंधरा ओळी प्रत्येकानं लिहायच्या म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या होणार, आणि प्लॅटफॉर्म बदलला की त्या सुधारणार कोण?

मेहकरकर

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांसाठी यात एक कळीचा मुद्दा आहे, तो कोणी काढला नाही म्हणून लिहितो.

देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असते. ‘बोंडअळी’ शब्दाचे तुकडे स्ट्रीममध्ये कुठंही पडू शकतात, अगदी एका चिन्हाच्या मधोमधसुद्धा. मॉडेलकडून आलेल्या प्रत्येक तुकड्याला तिथल्या तिथं स्ट्रिंग केलं, की जिथं चिन्ह तुटलं तिथं काळा चौकट-प्रश्नचिन्ह उमटते. शेतकऱ्याला वाटते फोन बिघडला. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून तिकडच्या चाचण्यांत हे सापडतच नाही. बाइट जसेच्या तसे पुढं सोडायचे, आणि मजकूर करायचाच असेल तर टेक्स्टडिकोडर (बाइटांचा मजकूर करणारं साधन) ‘स्ट्रीम’ पर्याय लावून वापरायचा.

आता टाइपकडे या. रिस्पॉन्स-स्ट्रीमला नोडच्या रायटेबलचा (लिहिता येणाऱ्या स्ट्रीमचा) टाइप दिला तर त्याच्या ‘राइट’ला कुठलाही तुकडा चालतो, तिथं ‘एनी’च आहे. म्हणजे आर्वीकर भाऊ, सामायिक पॅकेजातसुद्धा तुमचा ‘एनी’ मागच्या दारानं येणारच. शिवाय त्यासाठी नोडचे टाइप ओढावे लागतात. ज्याला फक्त एस-थ्रीच्या (ॲमेझॉनच्या फाइल-साठवणीच्या) इव्हेंटचा आकार पाहिजे त्याच्यावर ते ओझं कशाला? मी तर म्हणतो की हँडलरचा टाइप आणि मेटाडेटाचा टाइप पॅकेजातून एक्स्पोर्ट करा, आणि ग्लोबल वेगळ्या फाइलीत ठेवा. ज्याला पाहिजे तो मुद्दाम इम्पोर्ट करेल.

आर्वीकर

देवनागरीचा मुद्दा लाखमोलाचा. पण वेगळ्या फाइलीला माझी हरकत कायम आहे. नवखा माणूस ती फाइल शोधणारच नाही. ‘सापडत नाही’ अशी लाल रेघ आली की तो पुन्हा ‘डिक्लेअर एनी’ लिहील. ज्याच्यासाठी हे सगळं मांडतो आहे तोच बाहेर राहील.

दिग्रसकर

मेहकरकरांच्या वाटेनं मी यायला तयार आहे. हँडलरचा आणि मेटाडेटाचा टाइप सामायिक पॅकेजात असू द्या. तिसऱ्या जागचा कॉन्टेक्स्ट तेवढ्यानंही पकडला जातो, त्याला ग्लोबल लागत नाही. ग्लोबलची फाइल मात्र वेगळीच हवी, आणि नवख्याला सापडावी म्हणून हँडलरच्या कॉमेंटमध्ये तिचा पत्ता द्या.

बदल पाठवणार असाल तर डेफिनिटलीटाइप्डमध्ये सोबत चाचणी लागते. तिच्यात दुसऱ्या जागी कॉन्टेक्स्ट धरणारा चुकीचा हँडलर टाका आणि कंपायलरनं तो नाकारलाच पाहिजे असं लिहा. ती चाचणी मी लिहून देतो.