क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापणं सक्तीचं करावं का?

मुळशीकर: माझं मत: करावंच. क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; ईजीएफआर म्हणजे त्यावरून काढलेला, किडनी किती रक्त गाळते याचा अंदाज. क्रिएटिनिन वाढलं की ईजीएफआर कमी येतो. आत्या सत्तरीची, मधुमेह जुना. क्रिएटिनिन 1.2. लॅबच्या रेंजमध्ये बसलं म्हणून घरचे निर्धास्त, आणि गुडघ्यांसाठी पेनकिलर रोज चालू. मी ईजीएफआर काढायच्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात वय, लिंग, क्रिएटिनिन घातलं, तर ईजीएफआर आला जेमतेम 49! त्याच 1.2 ला पंचवीस वर्षांच्या मुलाचा येतो 86. हा 49 कागदावर असता, तर पेनकिलर किडनीला चालेल का, असं कुणीतरी विचारलं असतं.

नदीकाठ: ठाम विरोध. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि स्नायू किती आहेत हे सूत्राला कळत नाही. काटकुळ्या, शाकाहारी म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे किडनी खराब असूनही ईजीएफआर छान दिसतो. उलट, जिममध्ये क्रिएटीन पावडर खाणाऱ्या धडधाकट पोराचा कमी येतो. शिवाय सूत्र बेतलंय मुख्यतः पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवर. आणि ईजीएफआर 58 वाचून लोक काय करतात? डाळ बंद, काढे सुरू. काही काढ्यांनीच किडनी जाते हो!

मुळशीकर: पण तुमचा स्नायूंचा आक्षेप नुसत्या क्रिएटिनिनलाही तितकाच लागू आहे की. ते तर आपण बिनदिक्कत छापतो. सूत्र निदान वय आणि लिंग तरी धरतं.

लॅबवाली: मी छापण्याच्या बाजूने. शंका असेल तिथे सिस्टॅटिन सी या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी करता येते, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनाही क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन सी दोन्ही मिळून काढलेला ईजीएफआर जास्त विश्वासार्ह मानतात. मात्र थायरॉईड आणि स्टेरॉइडने तेही हलतं, महागही पडतं, आणि तालुक्याच्या लॅबमध्ये ते कुठून आणणार? लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन, मात्र स्वस्तात कळतं. ईजीएफआर 90 असला तरी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तीन महिने 30 mg/g च्या वर राहिलं, तर तो किडनीचा जुनाट आजारच. मधुमेहींची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, तरी इतके कमी लोक ती करून घेतात की जीव तुटतो.

नदीकाठ: लघवीच्या तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. पण तीन महिन्यांची अट ईजीएफआरलाही आहेच ना? जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तरी तो घसरतो. 'एका रिपोर्टवरून निदान होत नाही' हे वाक्य आकड्याच्या शेजारी, मराठीत, ठळक छापणार असाल तर माझा विरोध मागे.