फेरसर्वेक्षण, पुनर्प्रक्रिया की फेरप्रक्रिया?

रत्नागिरीहून प्रश्न:

आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करतोय. कोकण किनाऱ्यापुढच्या समुद्रात तेल आणि वायूच्या शोधासाठी पूर्वी सर्वेक्षणं झाली. त्यांच्या जुन्या नोंदींवर आता संगणकावर नव्याने काम करायचं आहे, एवढाच मूळ मजकुराचा आशय. माझ्या हाती आलेल्या मसुद्यात त्याला ‘भूकंपीय फेरसर्वेक्षण’ म्हटलं होतं. ते बंदरावर वाचून दाखवलं तर पहिलाच प्रश्न आला, “म्हणजे ते जहाज परत येणार? जाळी कधी काढायची?” प्रश्न रास्त आहे. असं सर्वेक्षण करणारं जहाज मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल ओढत जातं आणि त्याच्या वाटेतली जाळी उचलावी लागतात. इथे मात्र जहाज येणारच नाही. एका शब्दामुळे माणसांच्या हंगामाचे दिवस बुडू शकतात, म्हणून विचारतो, ‘रीप्रोसेसिंग’ला मराठीत काय म्हणावं? मी ‘पुनर्प्रक्रिया’ करून पाहिलं, पण ते जिभेवर अडखळतं.

प्रतिसाद, सावंतवाडी:

अडखळतं, कारण तिथे संधी चुकली आहे. ‘पुनर्’मधला र् स्वरांपुढे आणि मृदू व्यंजनांपुढे टिकतो, म्हणून पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विचार. पुढे क किंवा प आला की विसर्ग राहतो. ‘पुनःप्रत्यय’ आपण बरोबर लिहितो, त्याच चालीवर ‘पुनःप्रक्रिया’ व्हायला हवं. ‘पुनश्च’मध्ये त्याच विसर्गाचा श् होतो. अर्थात शब्द शुद्ध झाला म्हणून बंदरावर चालेल असं नाही. विसर्ग बोलताना गळतो आणि ‘पुनप्रक्रिया’ उरतं. मी ‘फेर’ घेईन. तो ‘फिरणे’मधून आलेला घरचा शब्द आहे, संधीची कटकट नाही, आणि फेरतपासणी, फेरविचार, फेरमोजणी अंगवळणी पडलेले आहेत.

प्रतिसाद, गुहागर:

मी याच कामात वीसेक वर्षं संगणकापुढे काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ‘फेरमोजणी’ हे उदाहरण मला नेमकं वाटतं. फेरमतदानात लोक पुन्हा रांगेत उभे राहतात. फेरमोजणीत पेटीतली तीच मतं पुन्हा मोजतात. आमचं काम फेरमोजणीचं. एअरगनने दाबलेली हवा पाण्यात सोडून केलेला आवाज, समुद्रतळाखालच्या थरांवरून परतलेले त्याचे पडसाद आणि ते कोणत्या क्षणी कुठे ऐकू आले, हे सगळं तेव्हाच नोंदलं गेलं. नव्या हिशेबाने त्यातून जास्त निघतं, पण जे नोंदलंच नाही ते निघत नाही. त्या काळी नोंद करतानाच यंत्रातल्या गाळणीने खालच्या पट्टीचे सूर कापले असतील, तर आजचा कुठलाही संगणक ते परत आणू शकत नाही.

तरी जुन्या नोंदी मोलाच्या का, तर आपल्यापुढच्या समुद्रात अडचण कातळाची आहे. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे थर समुद्राखालीही पसरले आहेत. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, घट्ट काळ्या कातळात ५००० च्याही वर. वेग असा एकदम बदलला की बरीचशी ऊर्जा कातळाच्या माथ्यावरूनच मागे फिरते. थोडी आत शिरते ती लाव्ह्याच्या एकेका थरात आपटत, विखुरत राहते. विहिरीत हाक मारली की ती घुमते आणि तळाशी कोणी उत्तर दिलं तरी समजत नाही, तसंच. कातळाखाली त्याहून जुना गाळ असेल, तर त्याचा क्षीण पडसाद या घुमण्यात बुडालेला असतो. हे घुमणं ओळखून वजा करण्याच्या चांगल्या रीती गेल्या तीसेक वर्षांत आल्या. आपल्या नोंदी त्याआधीच्या. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल लागलं, त्या पिढीच्या नोंदी चुंबकीय फितींवर आहेत. काही फितींचं चिकटद्रव्य ओल धरून चिकचिकीत होतं. मग त्या वाचण्याआधी मंद उष्णतेवर तासन्‌तास शेकाव्या लागतात. आणि सोबतची नोंदवही हरवली असेल तर कुठला आवाज समुद्रात कुठे केला तेच कळत नाही. ती वही मला फितीइतकीच प्रिय आहे.

प्रतिसाद, देवगड:

‘फेरमोजणी’चा दाखला मतपेटीपुरता ठीक. आमच्याकडे फेरमोजणी म्हटलं की मोजणीदार पुन्हा कलमांच्या बागेत उभा! तीच गत ‘फेर’ आणि ‘माहिती’ जवळ आल्यावर. ‘माहितीची फेर...’ एवढं ऐकलं की पुढे ‘फार’च येणार, आणि माहितीत फेरफार म्हणजे लबाडी.

सावंतवाडी:

आक्षेप मान्य. म्हणजे ‘फेर’ फक्त ‘पुन्हा’ एवढंच सांगतो, कुठे जाऊन पुन्हा ते पुढचं नाम सांगतं. बागेची मोजणी बागेत, मतांची मोजणी टेबलावर, सर्वेक्षण समुद्रात. ‘प्रक्रिया’ मात्र कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. काजू प्रक्रिया, मासळी प्रक्रिया. माल आधीच हाती आलेला असतो आणि काम कारखान्यात चालतं. म्हणून ‘जुन्या नोंदींवर फेरप्रक्रिया’. ‘नोंदींची’ऐवजी ‘नोंदींवर’ लिहा, म्हणजे नोंदी आहेत तशाच राहतात हेही कळेल. ‘माहिती’ नकोच.

प्रतिसाद, चिपळूण:

‘भूकंपीय’चंही बघा. आमच्या घरात अजून ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगतात, कोयनेच्या भूकंपाची. कोयनेचं वीजघर असलेलं पोफळी इथून जवळच. ‘भूकंपीय सर्वेक्षण’ ऐकून आई म्हणाली, “भूकंप करून बघतात की काय?” इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतला ‘हादरा’ आहे हे खरं, पण इथे जमीन हादरत नाही, आवाज सोडून ऐकलं जातं. ‘पडसाद सर्वेक्षण’ म्हणा ना. गुहागरकरांनी तो शब्द वापरलाच आहे.

गुहागर:

आवडलं. शास्त्रीय लेखात मी ‘भूकंपीय’ ठेवीन, पत्रकात ‘पडसाद’. आता माझी एक जुनी खंत सांगतो. ‘मायग्रेशन’ला सगळे ‘स्थलांतर’ लिहितात. तिरक्या थरावरून आलेला पडसाद नोंदीत जहाजाच्या बरोबर खाली दिसतो, खरा थर असतो बाजूला, चढाकडे. हिशेब करून त्याला त्याच्या खऱ्या जागी नेतात, ते हे काम. स्थलांतर म्हणजे आपली जागा सोडून जाणं. इथे तर परक्या जागी दिसणारा आपल्या जागी येतो. चाकरमानी मुंबईला जातो ते स्थलांतर, गणपतीला घरी येतो ते हे. मी शिकवताना ‘स्वस्थानी आणणे’ म्हणायचो. याहून सुटसुटीत शब्द कोणाकडे असेल तर हवा आहे.

देवगड:

‘ठाव लावणे’? पाण्याचा ठाव लागतो तसा थराचा.

गुहागर:

ठाव म्हणजे तळही आणि ठिकाणही. खोली आणि जागा दोन्ही एका शब्दात आली. हा मी वापरणार.

रत्नागिरी:

सगळ्यांचे आभार. मजकूर असा केला: “कोकण किनाऱ्यापुढच्या समुद्रात पूर्वी झालेल्या पडसाद सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदींवर संगणकाद्वारे फेरप्रक्रिया करण्यात येणार आहे. त्यासाठी समुद्रात जहाज येणार नाही. जाळी काढण्याची गरज नाही.” आज संध्याकाळी बंदरावर वाचून दाखवला. एका वयस्कर तांडेलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “शेवटची दोन वाक्यं आधी घाल.” ती वर घेतली आहेत.