मदत हवी आहे : जर्मनीत दुसरं बाळंतपण, आईचे 90 दिवस कधीपासून सुरू करावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. मोठी लेक पावणेतीन वर्षांची आहे, किता, म्हणजे इथल्या बालवाडी-पाळणाघरात जाते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या बाळाची तारीख आहे. तब्येत चांगली आहे, घरी सगळे आनंदात आहेत. पण लेक झोपली की माझं आणि नवऱ्याचं बोलणं फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतं: माझ्या आईला भारतातून नेमकं कधी बोलवायचं? उत्तर काही सापडत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि आल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. घरात बाळ झालं म्हणून मुदत वाढवून मिळत नाही. त्यामुळे आईचं विमान इथे उतरलं की दिवस मोजायला सुरुवात.

आता अडचण अशी की तारीख हा शेवटी अंदाज असतो. इथे तारीख उलटून गेली तरी गरोदर बाई आणि पोटातलं बाळ दोघंही ठीक असतील तर लगेच कळा सुरू करायची घाई करत नाहीत. आठवडाभर, कधी त्याहून जास्तही वाट बघतात. मोठीच्या वेळी तसंच झालं. आई बरीच आधी आली होती आणि बाळ हातात येईपर्यंत तिच्या मुक्कामाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला होता. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आम्ही दोघी रोज फिरायला जायचो, ती मला आयतं करून खाऊ घालायची. आता मात्र घरात एक छोटी आहे आणि यातला एकेक दिवस मला मोलाचा वाटतो.

मग बाळ झाल्यावरच आईला बोलवावं म्हटलं, तर खरा प्रश्न त्या एका रात्रीचा येतो. कळा सुरू झाल्या की मोठीजवळ कोण थांबणार? नवरा माझ्याबरोबर हवा, यावर आमचं दोघांचंही एकमत आहे. मोठीला प्रसूतिकक्षात नेता येणार नाही. इथे आमचं नात्याचं कोणी नाही. मराठी मित्रमंडळी आहेत, पण सगळ्यात जवळचं घर गाडीने पाऊण तासावर, आणि त्यांचीही मुलं लहान.

एक पर्याय आहे, तो जरा सविस्तर सांगते, कारण यावरच मला तुमचं मत सगळ्यात जास्त हवंय. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. कितातून येताना आमची लेक त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर बसकण मारते, बूट काढून जोडीने मांडते आणि दार उघडायची वाट बघते. त्या तिला सफरचंदाच्या फोडी देतात, तिच्याशी अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. परवा त्या आपणहून म्हणाल्या, रात्री कितीही वाजता बेल वाजवा, मी वर येऊन झोपेन. ऐकून मला भरून आलं. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आमची मुलगी आजवर आम्हा दोघांशिवाय फक्त दोन्ही आज्यांजवळ झोपली आहे. मध्यरात्री जाग आली, आई-बाबा दोघंही दिसले नाहीत आणि शेजारच्या आजी दिसल्या, तर ती कशी वागेल? एखाददोन रात्री आधी सवय करून बघावी का? एवढ्या लहान मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवून कोणी गेलं असेल तर मूल कसं राहिलं, ते जरूर लिहा.

आईने आधी यावं असं सगळे सांगतात ते या एका रात्रीसाठीच. माझं मत मात्र हळूहळू बदलतंय. पहिले दोन-तीन आठवडे आपण समजतो तेवढे निराधार नसतात, निदान इथे तरी नाही. हेबाम्मे, म्हणजे इथली सुईण, घरी येते. पहिले दहा दिवस गरज असेल तर रोज, आणि पुढे बाळ 12 आठवड्यांचं होईपर्यंत अधूनमधून. खर्च आरोग्यविमा देतो. बाळाचं वजन, नाळ, टाके, दूध पुरतंय की नाही, सगळं ती बघते. माझी हेबाम्मे ठरली आहे. (ज्यांना नुकतंच कळलंय त्यांनी पहिल्या महिन्यांतच शोधायला लागा, नंतर मिळणं फार कठीण.)

आईच्या हातचं जे आहे ते वेगळंच, त्याला पर्याय नाही. गेल्या वेळी तिला बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं होतं, पण आमच्या न्हाणीघरात फरशीवर पाणी जायला जागाच नाही. मग ती शॉवरच्या चौकोनात बुटका स्टूल टाकून, पाय लांब करून बसली, नवरा बाहेरून तांबे भरून देत होता आणि लेक तिच्या पायांवर पालथी, डोळे मिटून, अगदी शांत पडलेली. धुरी तेवढी सोडून दिली, खोलीत स्मोक अलार्म आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, मालीश, हे सगळं मला याही वेळी हवंय, आणि ते मागायला मला संकोच वाटत नाही. प्रश्न एवढाच की ते बाळंतपणाच्या पहिल्या दिवसापासून हवं की दोन आठवड्यांनी सुरू झालं तरी चालेल?

मला खरी काळजी वाटते ती जानेवारीनंतरची. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी अंधार, बाहेर शून्याखाली तापमान, मोठीला जाड कपडे चढवायचे, तोवर धाकटं रडायला लागणार, मग एकाला पोटाशी बांधून दुसरीचा हात धरून जिना उतरायचा. आईचे गुडघे दुखतात, दिवसातून दोन-तीनदा ते जिने तिला झेपणार नाहीत. पण ती घरात असली तर बाळाला तिच्याजवळ ठेवून मी मोठीला सोडून येऊ शकते. म्हणजे तिचे दिवस पुढे जितके लांबवता येतील तितके बरे, असं मला वाटतं.

नवऱ्याच्या रजेचा हिशोबही याच्यातच अडकला आहे. 1 एप्रिल 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी नियम बदलला, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. आता आई आणि वडील दोघांनी एकाच वेळी बेसिक एल्टर्नगेल्ड (बाळासाठी रजा घेणाऱ्या पालकांना सरकारकडून मिळणारा भत्ता) घ्यायचं असेल तर ते फक्त एक महिना, आणि तोही बाळाच्या पहिल्या 12 महिन्यांत. जुळी किंवा वेळेआधी जन्मलेली बाळं असतील तर सवलत आहे. एल्टर्नगेल्ड प्लस (महिन्याची रक्कम साधारण निम्मी, पण दुप्पट महिने) घेतलं तर ही अट लागत नाही. शिवाय हे महिने कॅलेंडरचे नसतात, बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात, तेव्हा रजा त्याच तारखांना जुळवून घ्यावी लागते. आणि ते घेणाऱ्या प्रत्येकाला कमीत कमी 2 महिने घ्यावेच लागतात. नवऱ्याला तो एकत्र महिना जन्मापासूनच हवाय. माझ्या मते तो पहिला महिना त्याने घ्यावा, आईने तो संपत आला की यावं, आणि त्याचा दुसरा महिना आई परत गेल्यावर यावा. त्या दुसऱ्या महिन्यात मी प्लस घेतलं तर पैशाचा फार फटका बसतो का? कोणी असं करून पाहिलं असेल तर समजावून सांगा.

सासूबाईंचाही विचार आहे. गेल्या खेपेला आई आली, यावेळी त्यांना यायचंय, आणि त्यांची इच्छा अगदी रास्त आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे त्यांना मागे एकटं ठेवून त्या तीन महिने राहू शकत नाहीत आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना घेऊन येणं मला धोक्याचं वाटतं. 90 दिवस प्रत्येक माणसाचे वेगळे मोजतात, म्हणून आई गेल्यावर मार्चअखेर ते दोघं मिळून आले तर सगळ्यांचंच भलं, असं मी सुचवलं. त्यांनी हो म्हटलं, पण आवाज जरा पडला होता. तान्हं बाळ हातात घ्यायचं सुख चार महिन्यांच्या बाळात मिळत नाही, हे मला कळतं. दोन्ही घरच्यांना आळीपाळीने बोलवलेल्या कोणी हे कसं बोलून सोडवलं?

आजारपणाची भीती आहेच. कितात जाणारं मूल हिवाळाभर शेंबडं असतं. या बाळाला जन्मानंतर लगेच आरएसव्ही (तान्ह्या बाळांच्या श्वासाला त्रास देणारा विषाणू) याच्याविरुद्ध अँटिबॉडीचं इंजेक्शन देणार आहेत. 2024 पासून इथे सगळ्याच तान्ह्या बाळांना त्यांच्या पहिल्या आरएसव्ही हंगामात त्याची शिफारस आहे, आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये जन्मलेल्यांना ते जन्मानंतर लवकरात लवकर देतात. डांग्या खोकल्याची लस मी सप्टेंबरमध्ये घेणार. बाळाच्या जवळ वावरणाऱ्या मोठ्या माणसांनीही गेल्या 10 वर्षांत ती घेतलेली असावी असं सांगतात, म्हणून दोन्ही घरी कळवलं आहे. आईने तिकडच्या डॉक्टरांकडून घेऊनही टाकली. तुमच्याकडे आजी-आजोबा येणार असतील तर हे नक्की सांगा.

व्हिसाबद्दल दोन शंका. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत करता येतो. तिकीट डिसेंबरच्या शेवटचं धरून अर्ज केला आणि बाळ लवकर आलं म्हणून आईला आधी यावं लागलं, तर व्हिसाची सुरुवातीची तारीख आडवी येईल. अर्जातच तारखांना मोकळीक मागता येते का? राहण्याचे दिवस 90, पण वैधता त्याहून लांब, असा व्हिसा मिळालेले आहेत का कोणी? दुसरं, आई याआधी दोनदा येऊन गेली आहे. एप्रिल 2024 पासून भारतीयांना, मागच्या 3 वर्षांत 2 व्हिसा नीट वापरले असतील तर, 2 वर्षांचा मल्टिपल एन्ट्री, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो असा नियम आहे. ज्येष्ठ नागरिकांना तो प्रत्यक्षात मिळाल्याचा अनुभव आहे का? मिळाला तर वेळेची ओढाताण बरीच कमी होईल.

आणि एक. बाळंतपणामुळे घरकाम जमत नसेल आणि घरात करणारं दुसरं कोणी नसेल तर सरकारी आरोग्यविम्याकडून घरकामाला मदतनीस मिळते. कोणी घेतली आहे का? नवऱ्याची रजा संपून आई येईपर्यंत मध्ये काही दिवस गेलेच, तर त्यांच्यासाठी ती मागावी का? कागदपत्रं काय लागली?

नवऱ्याला रजेचं पत्र 7 आठवडे आधी द्यावं लागतं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्याच्या आत आईची तारीख पक्की करून अर्ज भरायचाय. जर्मनीतलेच नव्हे, शेंगेनमधल्या कुठल्याही देशातले अनुभव चालतील. त्या रात्रीचं कोणी कसं जमवलं, ते मात्र आधी लिहा.