क्यूजीआयएस : शेजारच्या पॉलिगॉनची सामाईक हद्द दोनदा काढावी लागू नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी,

क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावरून जमिनीच्या वापराचा नकाशा काढते आहे. शेतं, झाडी, गवताळ पट्टे, तळी, सगळं एकाच पॉलिगॉन लेयरमध्ये (बंद आकृत्यांच्या थरात). ३०० च्या आसपास आकृत्या झाल्या आणि काल क्षेत्रफळांची बेरीज केली, तर ती बाहेरच्या हद्दीच्या क्षेत्रफळाशी जुळेना. झूम करत १:५०० पर्यंत गेले तेव्हा कळलं. तळ्याचा काठ आणि शेताचा बांध लांबून एकच रेघ दिसतात. जवळून बघितलं तर मध्ये केसाएवढी पांढरी फट, आणि चार-पाच बिंदू पुढे गेलं की तीच फट मिटून शेत तळ्यावर चढलेलं. असं जवळपास प्रत्येक हद्दीला आहे.

स्नॅपिंग (कर्सर जवळच्या आकृतीला आपोआप चिकटणं) चालू होतं, पण फक्त व्हर्टेक्सला (आकृतीच्या बिंदूला) आणि टॉलरन्स (किती अंतरावरून पकडायचं ते) मीटरमध्ये. त्यामुळे कधी पकडतच नाही, कधी भलताच बिंदू पकडतं. शेजारच्या आकृतीचा एकेक बिंदू शोधून त्यावर क्लिक करत बसते, एका वळणदार काठाला ४०-५० क्लिक. हात भरून येतो आणि तरी एखादा बिंदू सुटतोच.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पुढचं काम यापेक्षा लवकर आणि बिनचूक कसं करायचं? आणि झालेल्या ३०० आकृत्या पुन्हा न काढता दुरुस्त होतील का? महिनाभराची मेहनत आहे, टाकून द्यायला जीव होत नाही.

प्रतिसाद

टाकून देऊ नका, बरंचसं वाचेल.

आधी स्नॅपिंगच्या पट्टीवर टॉलरन्स पिक्सेलमध्ये करा, १०-१२ पुरे. मग झूम कितीही असला तरी पकड तेवढीच राहते. व्हर्टेक्सबरोबर सेगमेंटही (दोन बिंदूंमधली रेघ) चालू ठेवा. टोपोलॉजिकल एडिटिंग चालू केलंत की सामाईक बिंदू व्हर्टेक्स टूलने हलवल्यावर दोन्ही आकृत्या सोबत हलतात.

पण तुमचा खरा वेळ वाचवेल तो 'अव्हॉइड ओव्हरलॅप'चा पर्याय. सामाईक हद्द काढायचीच नाही! नवीन आकृतीची मोकळी बाजू नीट काढा आणि शेजाऱ्याच्या बाजूला खुशाल आत घुसा. उजवं क्लिक करून आकृती पूर्ण केली की वर चढलेला भाग आपोआप छाटला जातो आणि हद्द तंतोतंत बसते. मला हे उशिरा कळलं, तोवर मीही बिंदू मोजत होतो.

एक अडचण येईल. शेत आधी काढलंय आणि त्याच्या पोटात तळं काढायला गेलात, तर अख्खं तळंच छाटलं जाऊन एरर येईल. तिथे 'फिल रिंग' वापरा. शेताला भोक पडतं आणि त्याच भोकात तळ्याची आकृती बसते.

हद्दीवरूनच रेघ न्यायची असेल तर ट्रेसिंग (टी दाबा). सुरुवातीला एक क्लिक, शेवटी एक, मधले बिंदू ते स्वतः घेतं. मात्र ते जवळची वाट धरतं, लांबच्या बाजूने जायचं असेल तर मध्ये एक क्लिक द्या. चुकलेला बिंदू बॅकस्पेसने जातो आणि स्पेसबार दाबून धरला की रेघ न तोडता नकाशा सरकवता येतो.

प्रतिसाद

जुन्या आकृत्यांसाठी जिऑमेट्री चेकर, म्हणजे आकृत्यांमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारं क्यूजीआयएसमधलंच साधन. आधी लेयरची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. गॅप (फटी) आणि ओव्हरलॅप (एकमेकांवर चढलेले भाग) दोन्ही तपासायला लावा, पण क्षेत्रफळाची मर्यादा लहान ठेवा, नाहीतर मुद्दाम मोकळी सोडलेली जागाही फट म्हणून धरली जाईल. फट ज्या शेजाऱ्याशी सर्वांत लांब हद्द लागते त्याला जोडून टाकायचा पर्याय आहे, तो घ्या. पाण्याकाठच्या फटी मात्र मी एकेक बघूनच मिटवतो, कारण तिथली फट तळ्याची की शेताची हे चित्र बघूनच ठरतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतीवर एक कोपरा करून पाहिला. अव्हॉइड ओव्हरलॅप लावून झाडीचे सहा तुकडे काढले, १:५०० ला एकही फट नाही. चेकरने जुन्या बारीक फटी भराभर मिटवल्या, काठावरच्या तेवढ्या बाजूला ठेवल्यात. त्या आज रात्री चित्र समोर ठेवून बघते.