बायझंटाईन सम्राज्ञींची चित्रं: सत्तेचा पुरावा की दरबारी साचा?

मोझॅकप्रेमी: इटलीतल्या राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधली बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, सम्राज्ञी थिओडोरा बहुतेकांनी फोटोत पाहिली असेल; रंगीत तुकडे जडवून केलेलं ते मोझॅक आहे. रत्नजडित मुकुट, खांद्यापर्यंत लोंबणारे मोत्यांचे सर, हातात सोन्याचं पात्र आणि जांभळ्या झग्याच्या काठावर भेटी घेऊन निघालेले तीन मागी, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. कर्तबगार राणीचा पुरावा म्हणून हेच चित्र सारखं पुढे केलं जातं. मला ते पटत नाही. ही चित्रं पदाची आहेत, बाईची नव्हेत. सुरुवातीच्या बायझंटाईन काळातली तराजूची वजनं बघा: सम्राज्ञीचे छोटे ब्राँझचे अर्धपुतळे, आत शिसं भरलेलं. ही नेमकी कोण, हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. मुकुट आणि दागिने दिसले की काम भागत होतं.

नाणेवेडा: वजनांचं ठीक, पण सम्राज्ञी आयरीनचं काय? ७९७ मध्ये पोटच्या पोराचे, सहाव्या कॉन्स्टंटाईनचे, डोळे काढायला लावून ती एकटी गादीवर बसली, ती ८०२ पर्यंत. तिचं सोन्याचं नाणं उलटून बघा, दोन्ही बाजूंना तीच! एका हातात क्रूस असलेला गोल, दुसऱ्यात राजदंड. मागच्या बाजूला एरवी क्रूस, सहसम्राट नाहीतर घराण्यातले पूर्वज असायचे. साच्यातून असं नाणं निघत नाही, त्यासाठी टांकसाळीला हुकूम सोडावा लागतो.

जुनीबखर: एका आयरीनवरून सगळ्यांचं ठरवू नका. राजधानी कॉन्स्टंटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चच्या दक्षिण सज्जातली अकराव्या शतकातली सम्राज्ञी झोई बघा. मध्ये ख्रिस्त, एकीकडे पैशांची थैली घेतलेला सम्राट नववा कॉन्स्टंटाईन, दुसरीकडे ती. तिघांचेही चेहरे नंतर बदललेले, नवऱ्याच्या नावाचा मजकूरसुद्धा. कॉन्स्टंटाईन तिचा तिसरा नवरा. लग्नाच्या वेळी ती साठी ओलांडलेली आणि भिंतीवर मात्र गुळगुळीत गालांची तरुणी. यात झोई कुठे आहे?

नाणेवेडा: अहो, नवऱ्याचं नाव बदललं, तिचं राहिलं! १०४२ मध्ये, या तिसऱ्या लग्नाच्या आधी, तिच्या दत्तक मुलानं, सम्राट पाचव्या मायकेलनं, तिला हद्दपार केलं तेव्हा राजधानी रस्त्यावर उतरली आणि त्यालाच गादी सोडावी लागली. मग झोई आणि तिची बहीण थिओडोरा यांनी मिळून राज्य केलं. नाण्यावरही दोघी शेजारी शेजारी आहेत.

मोझॅकप्रेमी: लोक उठले ते झोईसाठी नव्हे, सम्राट आठव्या कॉन्स्टंटाईनच्या मुलीसाठी, म्हणजे घराण्यासाठी. आणि दोन महिन्यांच्या आत तिला पुन्हा बोहल्यावर चढावं लागलंच ना? आयरीनसुद्धा नाण्यावर पहिल्यांदा आली ती अल्पवयीन मुलाची पालक म्हणून.

नाणेवेडा: आली पालक म्हणून, कबूल. पण मुलाला हटवल्यावर त्याच्या जागी तिनं कुणालाही आणलं नाही, तिथे स्वतःलाच छापलं. मी त्या रिकाम्या झालेल्या बाजूबद्दल बोलतोय.